फक्त मला दिसेल

१२ तारीख, बुधवार

पंधरा-सोळा दिवस झाले, एक अक्षर लिहिलेलं नाही. रोज ठरवायचे की आज लिहू. मग चादरींच्या घड्या राहिलेल्या असायच्या, मग चार्जर सापडायचा नाही, मग समोरच्या गच्चीवर कोणीतरी अँटेना काढताना दिसायचं आणि ती पूर्ण खाली येईपर्यंत माझा पाय हलायचा नाही. खरं कारण एवढंच की लिहिलं की ते झालं असं होईल. न लिहिता ठेवलं तर अजून थोडं मागे फिरता येईल असं वाटत होतं.

तर लिहिते. आई हरवली. गेल्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला, दुपारी, घरातून. मी घरात असताना.

तिला चार वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. तिचं सगळं ताई बघते. मी दोन वर्षांनी घरी गेले होते, आठ दिवसांसाठी, आणि ताई म्हणाली की एक दिवस तू बस तिच्याजवळ, ऑफिसात सलग आठ तास काम केल्यावर कसं वाटतं ते मला आठवून बघू दे. संध्याकाळी ती परतली तेव्हा दार सताड उघडं आणि मी गल्लीच्या टोकाला हाका मारत फिरतेय. मी सांगितलं, डोळा लागला. ताई ओरडली नाही, रडली नाही. दोन दिवस दोघींनी मिळून चौकी आणि दवाखाने पालथे घातले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस." दूध उतू जातंय, गॅस बंद कर, असं म्हणावं तितक्या हळू म्हणाली. मी बॅग उचलली. बॅग उचलणं मला चांगलं जमतं.

एका बस कंडक्टरला आई आठवत होती. हिरवा स्वेटर, बटणं एक घर सोडून लावलेली. शेवटच्या थांब्यावर उतरली आणि तिथल्या पुलाचा जिना मोठ्याने मोजत चढली. सात झाल्यावर नऊ म्हणाली म्हणून याने चूक सांगितली, तर म्हणाली, तुझ्या बाईंना पाठव माझ्याकडे. ती आईच. आजारापासून तिच्या मोजण्यातला आठ गळालाय, बाकी सगळे आकडे जागेवर. आमच्या घराच्या पायऱ्या अकरा, आईच्या बारा. कोणीही पाहुणं आलं की सांगायची, आमचं घर जरा उंचावर आहे.

म्हणून मी या गावात. लाँड्रीच्या वरच्या खोलीत. खाली हॉटेलांच्या चादरी धुतात, मी घड्या घालते, त्याच्या बदल्यात ही खोली. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणते.

वह्या मी बसमध्ये विसरते. आजवर तीन गेल्या. म्हणून हे इथे, माझ्या भटकंतीच्या जुन्या साइटवर, जी दोन वर्षांत मीसुद्धा उघडली नव्हती. प्रत्येक नोंदीखाली एक चौकट असते, 'फक्त मला दिसेल'. तिच्यात खूण केली की कुलूप. केली आहे. तळाशी अजून ती जुनी ओळ आहे: 'फीड घेणारे: २'. त्यातली एक मीच.

१३ तारीख, गुरुवार

फीडचं सांगायचं राहिलं.

पहिले दिवस मी नुसती पिसाळलेली होते. चौदा साइट. तीन दवाखाने, दोन चौक्या, चार निवारा केंद्रं, नगरपालिका, बस आगार, हरवलेल्या माणसांच्या दोन याद्या आणि एक बातम्यांची. एकेक उघडायची, खालपर्यंत सरकवायची, कालचंच असायचं, पुढची. चौदावी झाली की एव्हाना पहिलीवर काही आलं असेल म्हणून पुन्हा पहिली. त्यात माझं डोकं असं. दवाखान्याच्या पानावरून निघाले ती दीड तासाने मधमाश्या कशा पाळाव्यात या पानावर सापडले. आई हरवलेली आणि मी राणीमाशी.

चौकात मोबाइल दुरुस्तीवाला आहे. त्याच्या टेबलावरून कायम धूर निघत असतो म्हणून मी त्याला सोल्डर म्हणते, त्यालाही चालतं. फोनची काच बदलायला गेले तेव्हा मी त्याच्यासमोर हेच करत होते. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "चौदा दारं दिवसभर कशाला ठोठावतेस? दारांनाच सांगून ठेव, काही असलं तर हाक मारा."

मग त्याने ते नारिंगी चौकोनातलं चिन्ह दाखवलं, कोपऱ्यातून लाटा निघतात ते. साइटवर काही नवीन टाकलं की त्याची एक ओळ त्या साइटच्या फीडमध्ये जाते. फोनमधलं एक अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी सगळ्या फीडवरून फिरून येतं. नवीन असलं तर ठळक अक्षरात दाखवतं, नसलं तर पडदा पांढरा. मी म्हणाले, मला माहीत आहे हे, माझ्या साइटलाही होतं. तेव्हा मी ज्याचा कॉम्प्युटर दिसेल त्यावर माझं फीड लावून द्यायचे. ताईच्या ऑफिसातल्याही. ती म्हणाली होती, असल्या गोष्टींना इथे वेळ कुणाला आहे.

सोल्डर म्हणाला, माहीत होतं तर वापरलं का नाहीस.

आता चौदाही दारं एका पडद्यावर. नगरपालिका सगळ्यात बडबडी. पाणी येणार नाही, कुत्र्यांचे परवाने काढा, पुन्हा पाणी येणार नाही. नदीपलीकडचं निवारा केंद्रही रोज चार-पाच ओळी टाकतं: आज दाखल, पुरुष, अंदाजे साठ; आज दाखल, महिला, अंदाजे चाळीस. तिथे मी आठ तारखेला जाऊन आले होते, बसने तीन तास. दारावरचा माणूस म्हणाला, बाई, असे रोज शंभर जण येतात, साइट बघत जा, आम्ही रोज टाकतो. सभ्य माणूस होता. पाणी दिलं.

१५ तारीख, शनिवार

सकाळी सातला ठळक ओळ. जिल्हा दवाखाना, अनोळखी महिला, वय अंदाजे सत्तर, बोलू शकत नाही.

बोलू शकत नाही हे वाचलंच नाही मी. जिना उतरताना चप्पल एकच पायात होती. काकूंनी दुसरी खिडकीतून फेकली.

ती आई नव्हती. कोणाची तरी आई असावी. हात चादरीवर ठेवलेले, नखं कोणीतरी नुकतीच नीट कापलेली. परिचारिकेने विचारलं, यांना ओळखता? मी नाही म्हणाले आणि मला आतून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली की मी अर्धा तास तिथेच बसले. त्या बाईंचा हात धरला. त्यांनी माझ्या बोटांवर एकदा दाबलं. नंतर चादर ओढून घेतली, तर कोपऱ्याला निळा दोरा होता. आमच्याच लाँड्रीची. प्रत्येक हॉटेलच्या चादरीला काकू वेगळ्या रंगाचा दोरा मारतात म्हणजे गोंधळ होत नाही. निळा बंद पडलेल्या हॉटेलचा, ती चादर पुढे दवाखान्याला दिली असणार. हे सगळं मी का लिहितेय. कारण परतताना बसमध्ये मी याचाच विचार करत होते, दोऱ्याचा. माझं डोकं असंच आहे. नको तिथे थांबतं आणि हवं तिथून निघून जातं.

१७ तारीख, सोमवार

पांढरा.

आता खरं लिहिते. इथे कुलूप आहे.

माझा डोळा लागला नव्हता. आई खुर्चीत बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती, चुकीच्या. मी तिला म्हणाले, आई, तो निळा त्या निळ्याबरोबर. ती म्हणाली, त्यांचं भांडण झालंय. मी हसले. तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पियानो चढवत होते. खिडकीची चौकट काढलेली, वर कप्पी, खाली सहा माणसं दोर धरून आणि एक जण पियानोवर हात ठेवून त्याच्याशी बोलतोय, जनावराशी बोलावं तसं. मी खिडकीतून बघितलं. नीट दिसेना. म्हटलं, एक मिनिट. कडी लावायची आठवण झाली होती, हेही लिहिते. दारातून बाहेर पडल्यावर आठवलं, आणि मनात म्हटलं, आत्ता येतेच की.

पियानो तिसऱ्या मजल्यावर एकदा फिरला आणि भिंतीला घासला, आतून सगळ्या तारा एकदम वाजल्या. वीस मिनिटं. पंचवीस असतील. परत आले तेव्हा खुर्चीवर मोजे होते.

ताईला हे सांगता आलं नाही. झोप लागते सगळ्यांनाच. झोपेला माफी असते. ताई चार वर्षांत एकाही लग्नाला, वाढदिवसाला, साधा सिनेमा बघायलासुद्धा गेली नाही, आणि मी पियानो बघायला गेले.

आणखी एक. गेल्या दोन वर्षांत ताईने दर महिन्याला पत्र लिहिलं. मी उत्तर द्यायचे ते चित्र असलेल्या कार्डावर, चार ओळी, हवा छान आहे. एका पत्रात तिने लिहिलं होतं की मी दमलेय. मी ते वाचून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या गावाची गाडी पकडली.

१८ तारीख, मंगळवार

पांढरा. इस्त्रीच्या रोलरमधून चादर काढताना मनगट भाजलं, थोडंसंच.

फीड घेणारे: १. म्हणजे मी एकटीच. ते दुसरं यंत्रच असणार, सोल्डर म्हणतो की अशी यंत्रं फिरत असतात, वाचत नाहीत, नुसती जमा करतात. तेसुद्धा कंटाळून गेलं म्हणायचं.

२० तारीख, गुरुवार

पांढरा. नगरपालिका सोडून. पाणी येणार नाही.

बुटाचा तळ निघाला. चिकटपट्टी गुंडाळून सगळ्या बाकांवरून फिरले: आगार, बाग, नदीकाठ, बाजारामागची भिंत. दुपारभर लोकांना फोटो दाखवला. फोटो सात वर्षांपूर्वीचा, आई त्यात जाड आहे आणि तिला सगळं आठवतंय. एक माणूस म्हणाला, यांना बघितलंय. कुठे, विचारलं तर म्हणाला, इथेच, तूच दाखवलं होतंस परवा.

काकू म्हणाल्या, पोटात काही घाल. मी ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले आणि त्यांनी सूपची वाटी पुढे ढकलली तेव्हा नको म्हणाले. आई कुठे जेवत असेल, मी कशी जेवू, असं काही थोर मनात नव्हतं. नुसतं गिळवत नाही. काकूंना वाटतं मी ढोंगी आहे. त्यांनी वाटी परत नेताना म्हटलं, "उपाशी माणसाला कोणी सापडत नाही, चक्कर येऊन पडशील तर तुलाच शोधत बसावं लागेल."

चिकटपट्टीत पाणी गेलंय. पावलांना फोड. सहा नंबरचे कोणाचे जुने बूट असतील का, विचारायला हवं.

२१ तारीख, शुक्रवार

फीड घेणारे: २. यंत्र परत आलं. बरं वाटलं, वेड्यासारखं. म्हटलं, ये, बस.

२४ तारीख, सोमवार

सकाळी लाँड्रीच्या दारात खोका. माझ्या नावाने, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत बूट, नवे, सहा नंबर. एकेका बुटात मोज्याची जोडी, गोळा करून. आणि नाड्यांना आधीच गाठी मारलेल्या, दुहेरी, म्हणजे सुटू नयेत.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या की माझा काही संबंध नाही. त्या असंच म्हणणार. कोणाचं भलं केलं की त्यांना पकडल्यासारखं होतं. मी त्यांना धन्यवाद म्हणाले तर त्या चिडून म्हणाल्या, अगं पोरी, मी दिले असते तर जुने दिले असते. तरी मला माहीत आहे त्यांनीच दिले.

लहानपणी माझ्या नाड्या ताई बांधायची, अशाच दुहेरी. म्हणायची की भिंगरीला एका गाठीचा भरवसा नाही. भिंगरी मला आईने ठेवलेलं नाव, सगळे तेच म्हणतात. ताईला आत्ता कळवावंसं वाटलं की मला कोणीतरी बूट दिले. माझ्याकडे सिम नाही, लाँड्रीच्या वायफायवर भागवते, पण काकूंच्या फोनवरून लावता आला असता. नंबर लावला, शेवटचा आकडा दाबला नाही. तोंड दाखवायचं नाही म्हणजे आवाजही ऐकवायचा नसणार.

पांढरा.

२६ तारीख, बुधवार

आज पडद्यासमोर बसून सगळी दारं नीट तपासली, कोणी शेवटचं कधी बोललं ते. इथे लिहून ठेवते म्हणजे उद्या पुन्हा तेच करायला नको. दवाखाने तिघेही कालपर्यंत बोलतायत. चौक्या आज सकाळी. दोन्ही याद्या काल. आगार परवा, बातम्या दर तासाला, नगरपालिकेचं विचारूच नका. निवारा केंद्रांपैकी स्टेशनाजवळचं काल, बागेजवळचं काल, चर्चमागचं शनिवारी, ते छोटंच आहे. नदीपलीकडचं तेरा तारखेला. त्यानंतर शांत. म्हणजे तिथे तेरा दिवसांत नवीन कोणी आलेलं नाही. चांगली गोष्ट आहे, त्या बाजूला तरी माणसं आपापल्या घरी आहेत.

मला आता या पांढऱ्याची सवय झालीय. खरं सांगायचं तर तो मला आवडतो. जोवर पांढरा आहे तोवर आई मेलेली नाही. ठळक ओळ आली की मला आधी मेल्यासारखं होतं आणि मग वाचायचं धाडस होतं.

२७ तारीख, गुरुवार

एक महिना.

दुपारी ठळक ओळ, चौकीची. नदीत अनोळखी मृतदेह. पुढे काही लिहिलेलं नाही, पुरुष की बाई तेसुद्धा. चौकीपर्यंत चाललेलं मला आठवत नाही. टेबलामागचा शिपाई नोंदवही शोधत होता, ती सापडेना, मग पेन सापडेना, आणि मी टेबलाची कड धरून त्याच्या शर्टाचं बटण बघत होते, ते एका घराने चुकलं होतं. पुरुष, म्हणाला. पुरुष आहे, ताई, बसा तुम्ही. मी बाहेर येऊन भिंतीशी ओकले.

खोलीत आल्यावर बॅग भरली. सांगायला काही कारण नाही. भरायला चार मिनिटं लागली. पाचच्या गाडीने कुठेही जाता येतं, आणि तीन गावं पलीकडे गेलं की माणूस वेगळं होतं, मला हे चांगलं ठाऊक आहे, मी सहा वर्षं हेच केलंय. तिथे मला कोणी विचारणार नाही. फोन पुलावरून टाकून द्यायचा की झालं, चौदाही दारं बंद.

खाली उतरले तर काकू एकट्याच मोठी चादर घडी घालायचा प्रयत्न करत होत्या, हात पुरत नव्हते. बॅग बघितली त्यांनी. दुसरे दोन कोपरे माझ्याकडे केले. मी बॅग ठेवली आणि कोपरे धरले. झटका, पुढे ये, कोपरे जुळव, मागे जा. चाळीसेक चादरी झाल्या असतील. पाचची गाडी गेली तेव्हा भोंगा ऐकू आला. काकू म्हणाल्या, "तुझी आई सापडेल की नाही मला माहीत नाही. पण सापडली तर कोणाला तरी इथे असायला नको का?"

बॅग अजून तशीच भरलेली आहे. मी गेले नाही एवढंच. यात माझं काही नाही, मधे चादर आली.

२८ तारीख, शुक्रवार

पांढरा. दिवसभर झोपले. ताप असावा.

३० तारीख, रविवार

घाईत लिहितेय, चुका होतील.

सकाळी सोल्डरकडे गेले होते, फोन चार्ज होत नव्हता. तो अ‍ॅप बघत होता आणि सहज म्हणाला, हे नदीपलीकडचं एवढे दिवस गप्प कसं? मी म्हटलं, तिथे नवीन कोणी आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. एवढं मोठं केंद्र आणि सतरा दिवस कोणी नाही? मग त्याने फीड सोडलं आणि ती साइट हाताने उघडली. सरळ, जुन्या पद्धतीने, दार ठोठावून.

साइट नवीन केलेली होती. रंग वेगळा, सगळं वेगळं. चौदा तारखेपासून त्यांनी नवीन पत्त्यावर टाकायला सुरुवात केलेली. जुनं फीड तसंच पडून होतं. विचारलं की हो म्हणायचं, पण त्यात कोणी काही घालत नव्हतं. अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी तिथे जायचं आणि रिकाम्या हाताने यायचं, आणि मी म्हणायचे, चांगलं आहे. बंद पडलेलं आणि गप्प बसलेलं, दोन्ही सारखंच पांढरं दिसतं. सोल्डर म्हणाला, हे तुला सांगायला हवं होतं, माझी चूक. त्याची कसली चूक.

पंधरा तारखेची नोंद होती. मी तोंडपाठ लिहिते. 'आज दाखल. महिला, अंदाजे सत्तर. हिरवा स्वेटर. नाव सांगू शकत नाहीत. प्रकृती ठीक. जिना चढताना मोठ्याने आकडे मोजतात.'

पंधरा दिवस. मी ज्या दिवशी दवाखान्यात त्या दुसऱ्या बाईंचा हात धरून बसले होते, त्या दिवशी आई तिथे आली. बसने तीन तास. मी रोज बागेतले बाक बघत होते.

आणि त्याखाली, लाल अक्षरात, काल दुपारची वेळ टाकून: 'नातेवाइकांच्या ताब्यात दिले.'

कोण नातेवाईक? आम्ही दोघीच आहोत तिला. मी इथे आहे. ताईला ही साइट ठाऊकच नाही, तिला नदीपलीकडे असं काही केंद्र आहे हे तरी कुठून कळणार, ती तर आमच्याच गावातल्या चौकीत खेपा घालतेय. म्हणजे कोणीतरी परकं माणूस आलं आणि आईला घेऊन गेलं. आई कोणाहीबरोबर जाते. हात पुढे केला की हात देते. चुकून नेली की मुद्दाम नेली? आपली म्हणून दुसऱ्याच कोणाची तरी आई नेली? केंद्राला फोन लावला, रविवार, कोणी उचलत नाही. काकूंच्या फोनवरून ताईला लावला, या वेळी शेवटचा आकडाही दाबला. बंद आहे. तीनदा लावला, बंद. पहिली गाडी उद्या सकाळी सहाला.

एक दिवस. एका दिवसाने चुकली. पियानोच्या वेळी वीस मिनिटांनी चुकली होती.

सोल्डरने आणखी एक सांगितलं, घाबरतच. नवीन फीड लावताना त्याला माझी ही साइट दिसली. म्हणाला, तू नोंदींना कुलूप लावलंयस, पण ते पानाला लागतं. फीडमधून सगळं बाहेर जातंय, पहिल्या दिवसापासून. त्याने वाचलं नाही म्हणतो, दोन ओळी दिसल्या तशी बंद केलं. कान लाल झाले होते, म्हणजे चार तरी वाचल्या असणार.

जाऊ दे. कोण वाचणार? मी आणि एक यंत्र. आता लाज वाटायलाही जागा उरलेली नाही. यंत्रा, तू जे कोण असशील ते, सगळं जमा केलंस ना? मग हेही कर. मी झोपले नव्हते. मी कडी लावली नाही. माझी ताई भेटली तर तिला सांग की डोळा लागला हे खोटं होतं, आणि तिचं ते दमलेय लिहिलेलं पत्र अजून माझ्या जवळ आहे, घड्यांवर फाटलंय. तिला सांग की सापडली होती, आणि मी पुन्हा

थांब. खालून काकू हाक मारतायत. भिंगरी, वर आहेस ना, तुझी ताई आली आहे, वर पाठवते.

ताई? माझी ताई? तिला इथला पत्ता कोणी दिला? काकू ओरडून सांगतायत, जरा हात द्यायला ये, यांना जिना जड जातोय. ताईला कसला जड जाणार, ती एका दमात चढते. मी तोंड कसं दाखवू. तिला काय सांगू, काल दुपारपर्यंत होती म्हणून? दाराशी उभी आहे, एका हाताने लिहितेय, पाय हलत नाहीयेत. जिन्यावर पावलं. दोघींची आहेत. एक पाऊल फार हळू पडतंय, मध्ये थांबतंय.

कोणीतरी मोजतंय.

पाच. सहा. सात. नऊ.